तबकडी अखंड ऐकावी

ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीची नक्कल, असे मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. गाणे समोर बसून ऐकावे, तबकडीत त्याचे उरलेसुरले तेवढे येते, हे वाक्य मी गिरगावातल्या चाळींपासून पुण्यातल्या सभागृहांपर्यंत ऐकत आलो. बोलणारी माणसे जाणकार असत, पण या बाबतीत त्यांचे मत मला कधीच पटले नाही आणि आजही पटत नाही. चांगली एलपी ही मैफलीची नक्कल नसते. ती वेगळी, स्वतंत्र रचना असते. तिला दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांची हद्द असते, आणि त्या हद्दीत काय ठेवायचे, काय गाळायचे, कशानंतर काय आणायचे याचा कोणीतरी मन लावून विचार केलेला असतो. गेल्या वर्षभरात मी माझ्याकडच्या निवडक तबकड्या पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या. ख्याल, वाद्यसंगीत, नाट्यपदे, भावगीत, जाझ, पाश्चात्य अभिजात, थोडे रॉकही. हा आढावा त्या ऐकण्याचा आहे.

78 फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल इथे फार लिहीत नाही. 1902 साली कलकत्त्यात सुरू झालेल्या त्या युगावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करण्याची अब्दुल करीम खाँसाहेबांची किमया थोरच. पण त्या तबकडीत विलंबित ख्याल मावत नव्हता, हेही तितकेच खरे. 1948 साली अमेरिकेत 33 1/3 फेऱ्यांची एलपी आली आणि आपल्या संगीताला पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा मिळाली. 1955 साली अली अकबर खाँसाहेबांची सकाळ-संध्याकाळच्या रागांची एलपी अमेरिकेत निघाली. सोबत चतुरलाल यांचा तबला आणि सुरुवातीला येहुदी मेनुहिन यांचे प्रास्ताविक. सरोदच्या त्या पहिल्याच लांब आलापात कळते, की आपल्या संगीताचे या तबकडीशी गोत्र जुळले आहे.

ते सर्वांत पूर्ण जुळले अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीत. 1960 सालची ही तबकडी. माझ्या मते हिंदुस्थानी कंठसंगीतात एलपी या रचनेचा तो पहिला मोठा विजय. झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या संथ चालतात, की समेची वाट पाहणे विसरायला होते. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर येण्याची घाई नाही. खाँसाहेब रिषभ-धैवतावर इतके रेंगाळतात, की षड्ज आला तरी तो मुक्काम वाटत नाही, वाटेवरचा थांबा वाटतो. सूर्यास्ताची ती बेचैनी एका बाजूवर संपते. मग तबकडी उलटायची. दुसऱ्या बाजूला दरबारी : मध्यरात्र, आंदोलित गंधार, खर्जातला तो भारदस्त संचार. मधले काही तास फक्त तबकडी उलटण्यात जातात. मैफलीत हे शक्य नाही. हे दोन राग असे पाठीला पाठ लावून ठेवण्यात जी दृष्टी आहे, ती तबकडीची दृष्टी आहे. या गायनाला थंड म्हणणारे लोक होते. त्यांना तान आणि टाळी हवी होती. आज त्यांच्या आवडीच्या कितीतरी तबकड्या कोणी काढूनही पाहत नाही. मारवा मात्र नव्या पिढीचे गवय्ये अजूनही पाठ करतात.

दुसरी तबकडी किशोरीताईंची : एकीकडे बागेश्री, दुसरीकडे भूप. जयपूर घराण्याची ओळख अनवट आणि जोड रागांची. मोगूबाईंच्या या लेकीने भूपासारखा, शिकाऊ विद्यार्थ्यालाही येणारा राग निवडला. पाचच स्वर. त्या पाच स्वरांत ती गांधारावर येते तेव्हा आपण इतकी वर्षे ऐकलेला भूप हाच का, असे वाटून जाते. घराण्याची लयकारी सोडली, आलाप फार लांबवला, अशी टीका त्या काळी झाली आणि काही मंडळी ती अजून चालवतात. माझे म्हणणे उलट आहे. घराण्यातली शिस्त अंगात मुरली होती म्हणूनच इतक्या मोकळ्या आलापात कुठेही सैलपणा नाही. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून उगवते. भूप आणि देशकार यांच्यातली सीमा इतकी स्वच्छ राखलेली मी फार कमी वेळा ऐकली.

आता मी ज्या तबकडीची बाजू गेली कित्येक वर्षे लढवत आलो तिच्याकडे येतो. 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967. शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी, ब्रिजभूषण काबरा गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही मुख्य वादक तिशीच्या आतबाहेरचे. त्या वेळी यांतले एकही वाद्य पूर्ण प्रतिष्ठित नव्हते. संतूर काश्मीरच्या सूफियाना गायकीतले. त्याच्या तारांवर कलम पडते, तिथे मींड कशी निघणार, असा आक्षेप. गिटार तर परदेशी आणि सिनेमाच्या वाद्यवृंदातली. काबरा ती आडवी धरून, तारेवर पट्टी सरकवत मींड काढत. ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, आणि सरोदची तालीम त्या वाद्यातून स्पष्ट बोलते. बासरीला पन्नालाल घोष यांनी मान मिळवून दिला होता, पण त्यांच्या जाण्यानंतर पुढे काय, हा प्रश्न खुला होता.

या तिघांना एकत्र आणून त्यांच्याकडून काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगण्याची ही योजना. पहाटेचा अहिर भैरव, सकाळचा नटभैरव, दुपारचा पिलू, संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. आपल्याकडे रागांची वेळ ही शास्त्रातली गोष्ट. इथे तीच कथेचा कणा झाली. शब्द एकही नाही. मेंढपाळ, वाट, दरी, भेट हे सारे केवळ प्रहरांच्या क्रमातून उमगते. मागे ओढ्याचे पाणी वाजवून पात्रांचा परिचय करून द्यायचा मोह वादकांनी टाळला आहे. वाद्ये एकमेकांना उत्तर देतात, एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. जुगलबंदीची सवय लागलेल्या कानांना यातला संयम कदाचित कळत नाही.

या तबकडीमागचे नाव जी. एन. जोशी. आज किती वाचकांना ते आठवते? ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' पहिल्यांदा गाऊन मराठी भावगीताची वाट खुली करणारा गायक, विदर्भातून मुंबईत आलेला वकील, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळणारा माणूस. 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात त्यांनी मोठमोठ्या कलावंतांना स्टुडिओत कसे आणले, कसे सांभाळले, हे मनमोकळेपणी लिहिले आहे. गायक अमर होतो. त्याला मायक्रोफोनसमोर बसवणारा, वेळ आखून देणारा, हा भाग ठेवा आणि तो काढा असे सांगणारा माणूस मात्र विस्मरणात जातो. मी तरुणपणी ज्या श्रवणमंडळात जात असे, तिथे ही तबकडी लावायला विरोध झाला होता. हे शास्त्रीय नाही, हे परदेशी पाहुण्यांसाठी आहे, असे सांगण्यात आले. पुढे त्याच मंडळींनी शिवकुमारजींच्या आणि हरिजींच्या मैफलींना पुढच्या रांगेतल्या जागा धरल्या. त्या दोघांना घराघरांत नेण्यात या तबकडीचा वाटा फार मोठा आहे, हे मान्य करायला मात्र कोणी तयार नाही. संतूर आज पूर्ण लांबीचा राग वाजवण्याचे वाद्य आहे. त्या वाटेवरचा एक ठळक टप्पा हाच.

पुढच्याच वर्षी, 1968 साली, शंकर-जयकिशन आणि उस्ताद रईस खाँ यांची 'रागा जॅझ स्टाइल' आली. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, सोबत मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्होंचे ड्रम्स. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडले. रागविस्तार इथे नाहीच, तीन-चार मिनिटांत तो होणार कसा? पण वाद्यांची मांडणी ऐका. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या संगीतकारांनी मुंबईच्या सिनेमाला वाद्यवृंद कसा बांधायचा ते शिकवले. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेली, हॉटेलांत जाझ वाजवलेली ही माणसे. त्या पिढीचे कसब या तबकडीवर सिनेमाच्या गाण्याआड लपलेले नाही, उघड बसले आहे. त्याच वर्षी जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसोबत ध्वनिमुद्रण करून गेला. शिवकुमारजी त्या वादकांत होते.

हॅरिसनच्या निमित्ताने रॉकबद्दल थोडक्यात. बीटल्सची 'सार्जंट पेपर', पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' या दोन्ही सलग ऐकण्यासाठी रचलेल्या आहेत, हे त्यांचे मोठेपण. गाण्यांमधला खंड पुसून टाकण्याची कल्पना तिथे फळली. पण माझे मन त्यांत फार काळ रमत नाही. रविशंकर-मेनुहिन यांची 'वेस्ट मीट्स ईस्ट' ग्रॅमी मिळवूनही मला सौजन्यभेटीपलीकडे जात नाही.

जाझमध्ये माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' मात्र वेगळी. 1959 साली न्यूयॉर्कला दोन बैठकांत मुद्रित झाली. वादकांसमोर आराखडे ठेवले, बाकी तिथेच सुचले. 'सो व्हॉट' या पहिल्या रचनेचे स्वर आपल्या काफी थाटाशी जुळतात, म्हणून ते रागसंगीतच आहे असे आपल्याकडचे काही लेखक उत्साहाने लिहितात. हे बरोबर नाही. बत्तीस मात्रापट्ट्यांच्या त्या आकृतीत मधल्या आठ पट्ट्यांत सारा स्वरसमूह अर्धा स्वर वर सरकतो. तंबोरा लावलेल्या संगीतात षड्ज असा हलत नाही. हा फरक समजून ऐकले, तरच त्या सरकण्यातला थरार कळतो. साम्य शोधण्यापेक्षा फरक ओळखणे हा दुसऱ्या संगीताचा खरा आदर.

ग्लेन गूल्डने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' 1955 साली आणि पुन्हा 1981 साली मुद्रित केली. पहिली तरुण, धावती, अडतीस-एकोणचाळीस मिनिटांत संपणारी. दुसरी एक्कावन्न मिनिटांची, प्रत्येक स्वर तोलून पाहणारी. पिआनोबरोबर त्याचे स्वतःचे गुणगुणणेही ऐकू येते. गूल्डने 1964 नंतर मैफली सोडल्या आणि स्टुडिओ हेच आपले घर मानले. तबकडीला नक्कल म्हणणाऱ्यांनी या दोन मुद्रिका एकापाठोपाठ ऐकाव्यात.

मराठीकडे येतो. 'गीतरामायण' 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असे छप्पन्न गीतांनी उभे राहिले. ते मूळचे रेडिओचे. तबकड्या मागून आल्या. तबकडीसाठीच विचार करून बांधलेली मराठी रचना म्हणून मी 'शिवकल्याण राजा'चे नाव पहिले घेतो. 1974, राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हाची. हृदयनाथांचे संगीत, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचे निवेदन. भूषणाची ब्रज, रामदासांची मराठी, सावरकर, कुसुमाग्रज : तीन शतकांतले कवी एका तबकडीवर बसवायचे आणि तरी गोधडी होऊ द्यायची नाही, हे अवघड काम. ते साधले आहे चालींच्या बांधणीने. छंद कवीचा, स्वर प्रसंगाचा. आज या तबकडीतली एक-दोन गाणी मिरवणुकीत कर्ण्यावर वाजतात. बाकीची कोणी ऐकत नाही, आणि निवेदन तर कापूनच टाकले जाते.

इथेच माझी खंत आहे. आज सारे संगीत खिशातल्या फोनवर आहे, आणि एकही तबकडी पूर्ण नाही. मारवा संपतो न संपतो तोच जाहिरात येते. 'कॉल ऑफ द व्हॅली'मधला पहाडी एकटाच वाजतो, पहाटेशिवाय. कव्हरच्या मागच्या बाजूला रागाची माहिती असे, साथीदारांची नावे असत. फोनवर तबलजीचे नाव बहुतेक वेळा नसतेच. माणिकराव पोपटकरांचे नाव ज्या पडद्यावर दिसत नाही, त्या पडद्यावर ही तबकडी अर्धीच पोचली, असे मी समजतो. नव्या कलावंतांना दोष देत नाही. त्यांना अल्बम नको, एकेक गाणे द्या, असे सांगितले जाते. पण ज्यांच्या हाती जुने मुद्रण आहे त्या कंपन्यांनी मूळ क्रम, मूळ बाजू, मूळ मजकूर आणि सर्व साथीदारांची नावे परत द्यायला काय हरकत आहे? यात नवे ध्वनिमुद्रण करायचे नाही, फक्त झालेल्या कामाचा मान राखायचा आहे.

वाचकांना विनंती एवढीच. या दिवाळीत यांतली कोणतीही एक तबकडी निवडा. तबकडी नसेल तर फोनवर ऐका, पण मूळ क्रम शोधून, तो बदलू न देता. एक बाजू पूर्ण ऐका, मग दुसरी. साथीदारांची नावे शोधा आणि घरातल्या मुलांना सांगा. आवडली नाही तर तसेही म्हणा, पण पूर्ण ऐकल्यावर म्हणा.