लष्करी सेवामुक्तीचे दाखले व त्यांच्या दुरुस्तीचे अर्ज

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील जुन्या घरांचीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व कौलनामे यांच्या जोडीला एक निराळा कागद हातीं येतो. घरचीं माणसें त्यास 'डिस्चार्ज' म्हणतात. पलटणींतून सुटलेल्या शिपायास मिळालेला तो सेवामुक्तीचा दाखला होय. संग्राहक पदक तेवढें उचलतात व कागद तेथेंच टाकतात. हा प्रघात आम्हांस घातक वाटतो. कारण याच कागदावरील एखाद्या शब्दासाठीं शिपायास व त्याच्या मागें त्याच्या विधवेस सरकारकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जास दुसरा आधार बहुधा नसतो.

दाखला वाचावा कसा? १९५० च्या लष्करी कायद्याच्या २३ व्या कलमान्वयें सेवा संपलेल्या शिपायास त्याच्या मातृभाषेंत व इंग्रजींतहि दाखला मिळाला पाहिजे, आणि त्यांत तीन गोष्टी असल्या पाहिजेत : सेवा कोणाच्या अधिकारानें संपली, कोणत्या कारणानें संपली, व एकंदर किती झाली. मराठी प्रत सांपडल्यास ती इंग्रजी प्रतीशीं अक्षरशः ताडून पाहावी. वर्तनाचा शेरा ही याहून वेगळी बाब आहे. 'एक्झेम्प्लरी', 'व्हेरी गुड', 'गुड' अशी त्याची उतरती भांजणी असते. शेरा व कारण यांची गल्लत करणें ही या कागदांच्या वाचनांतील नेहमींची चूक होय. शेरा उत्तम असूनहि कारण प्रतिकूल असूं शकतें, आणि अर्जदाराचा झगडा बहुधा कारणाशीं असतो.

बडतर्फी व सेवामुक्ति यांतील भेद तर संसाराचाच प्रश्न आहे. १९६१ च्या लष्करी निवृत्तिवेतन-नियमांप्रमाणें बडतर्फ शिपायाचा मागील सर्व सेवेबद्दलच्या वेतनावरील हक्क जातो. सेवामुक्त झालेल्याचा हक्क, इतर अटी पुऱ्या होत असल्यास, कायम राहतो. त्या अटींत १५ वर्षांच्या सेवेची अट मुख्य. चौदाव्या वर्षीं ज्याचें नांव कमी झालें त्याची अडचण यावरून ध्यानांत येईल.

शिक्षांच्या नोंदी लाल शाईनें होत. अशा चार नोंदी झाल्या कीं शिपायास घरीं धाडावयाचें, असा अर्थ पुष्कळ अधिकारी करीत. परंतु लष्करी मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रांत आधीं चौकशी करावी व माणसाची एकंदर सेवा लक्षांत घ्यावी असें सांगितलें होतें. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं याच मुद्द्यावर सेवामुक्तीचा हुकूम रद्द केला. आजारामुळें सुटलेल्यांस धरमवीर सिंग यांचा २०१३ चा निकाल उपयोगी पडतो. भरतीच्या वेळीं ज्या रोगाची नोंद नव्हती तो पुढें जडल्यास सेवेमुळेंच जडला असें सामान्यतः गृहीत धरावें, असें त्यांत ठरलें. म्हणून भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद दाखल्याइतकाच जपावा.

आपल्या भागापुरती खरी खटपट मात्र नांवागांवाची आहे. १९४९ पूर्वीं वाळवें, तासगांव, खानापूर येथील शिपायाचा जिल्हा 'सातारा' असे. त्या सालीं 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास 'सांगली' हें नांव मिळालें. एकाच गांवच्या आजोबा, बाप व मुलगा यांच्या कागदांवर तीन जिल्हे लागले तर तीं तीन घराणीं समजूं नयेत. त्यांतहि आटपाडीचा शिपाई १९४८ पर्यंत औंध संस्थानचा, आणि जत, मिरज, सांगली येथील आपापल्या संस्थानचे. इंग्रजी अमदानींतील लष्करी व्यवहार पुष्कळसा रोमन लिपींतील हिंदुस्थानींत चाले. त्या लिपींतून परत येतांना 'जाधव' याचें 'जादव' वा 'जाधाव' होई. अर्जदाराचें नांव आधारकार्डावर एक व पलटणींत दुसरें निघालें कीं अर्ज अडतो. तेथें पलटणीचा क्रमांक हाच खरा दुवा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, नांव व पलटण कोरलेली असते. तेव्हां पदक व कागद एकत्र असतील तरच एकानें दुसऱ्याची साक्ष पटते. साताऱ्याजवळील अपशिंगे या एकाच गांवचे ४६ जण त्या युद्धांत कामास आले, यावरून या मुलखांत अशीं पदकें किती असतील याची कल्पना यावी.

आझाद हिंद सेनेंतील लोकांचे कागद हें आणखी एक प्रकरण. लाल किल्ल्यांतील खटल्यांत शहानवाज खान, सहगल व धिल्लन यांना झालेली जन्मठेप सरसेनापतीनें ३ जानेवारी १९४६ रोजीं माफ केली. पदच्युति व थकलेल्या पगाराची जप्ती मात्र कायम ठेविली. स्वातंत्र्यानंतरहि या सैनिकांस फौजेंत परत घेतलें नाहीं. १९७२ पासून त्यांस निवृत्तिवेतन मिळूं लागलें तें स्वातंत्र्यसैनिक म्हणून, गृहखात्याकडून. एकाच पेटींत एक कागद बंडखोर म्हणतो व दुसरा देशभक्त. संग्राहकानें दोन्ही ठेवावे, एकहि फेंकूं नये.

अर्ज प्रथम पलटणीच्या अभिलेख-कार्यालयाकडे जातो. मराठा पलटणीचें बेळगांवीं, बाँबे सॅपर्सचें खडकीस, तोफखान्याचें नाशिकरोडला. तेथें दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यान्वयें स्थापिलेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचें मुंबईचें पीठ आहे. मुदत सामान्यतः सहा महिन्यांची. उशीर माफ होऊं शकतो. पण तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाप्रमाणें वेतनाचा हक्क जुना असला तरी थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वींच्या तीनच वर्षांची मिळते. यास्तव दाखला हातीं येतांच क्रमांक, पलटण, कारण व तारखा उतरून घ्याव्या, मूळ कागद घरच्यांकडेच राहूं द्यावा, आणि शिपायाची विधवा हयात असल्यास नक्कल त्याच दिवशीं तिच्या हातीं द्यावी.