रक्तातील अल्कोहॉल (न्यायवैद्यक)

रक्तातील अल्कोहॉल : मद्यपानानंतर रक्तात आढळणारे एथिल अल्कोहॉलाचे प्रमाण. ते सामान्यतः दर १०० मिलि. रक्तात किती मिग्रॅ. अल्कोहॉल आहे, या रूपात व्यक्त करतात. नॉर्वेने १९३६ मध्ये वाहनचालकांसाठी अशी कायदेशीर मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने ती ८० मिग्रॅ. ठरविण्यात आली. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मुळात ‘कितीही अल्प’ अल्कोहॉल दंडनीय होते. १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिग्रॅ. ही मर्यादा आली. प्रयोगशाळेचा आकडा कितीही काटेकोर असला, तरी तो नमुना घेतल्या क्षणाचा असतो. गुन्हा मात्र वाहन चालविण्याच्या क्षणी घडलेला असतो. खटल्यातील बराचसा वाद या दोन क्षणांमधील अंतराचा असतो.

अल्कोहॉलाचे शोषण काही अंशी जठरात व मुख्यत्वे लघ्वांत्रात होते. रिकाम्या पोटी रक्तातील प्रमाण अर्ध्या ते एक तासात कमाल होते. भरपेट जेवणानंतर त्यास दोन तासही लागू शकतात. पुढे ते शरीरातील पाण्यात पसरते. मेदात पाणी कमी असल्याने शरीररचनेनुसार फरक पडतो. स्वीडिश शास्त्रज्ञ ई. एम. पी. विडमार्क यांनी यासाठी पुरुषांकरिता सु. ०·६८ व स्त्रियांकरिता सु. ०·५५ हे सरासरी गुणक दिले. त्यांनुसार ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषाने ४२·८ टक्के अल्कोहॉल असलेली ६० मिलि. व्हिस्की (सु. २० ग्रॅ. अल्कोहॉल) घेतल्यास कमाल प्रमाण सु. ४५ मिग्रॅ. येते, ५० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीत तेच ७५ मिग्रॅ.हून अधिक भरते.

उत्सर्जन मुख्यतः यकृतातील एंझाइमांमुळे, जवळजवळ स्थिर गतीने, दर तासाला बहुधा १० ते २५ मिग्रॅ. इतके होते. समजा, अपघातानंतर दोन तासांनी रक्तात २२ मिग्रॅ. अल्कोहॉल आढळले. शोषण आधीच पूर्ण झाले असेल, तर अपघातसमयीचे प्रमाण ४२ ते ७२ मिग्रॅ. या मर्यादेत कोठेही असू शकते; म्हणजे मर्यादेखालचा आकडाही चालकास दोषी ठरवू शकेल. उलट, शेवटचा पेला संपवून लगेच गाडी हाती घेतलेल्या चालकात पाऊण तासाने ३६ मिग्रॅ. आढळले, तर वाहन चालविताना ते ३० च्या खाली असणे सहज शक्य आहे. मद्यपान केव्हा व कशाबरोबर केले हे ठाऊक नसता मागील प्रमाणाचे गणित मांडणे हा केवळ तर्क होय, मग तो कोणत्याही पक्षाने केलेला असो.

श्वासपरीक्षा : आर. एफ. बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये तयार केलेल्या उपकरणात पोटॅशियम डायक्रोमेटाचा पिवळा रंग फिकट होण्यावरून मापन होई. आता इंधन-विद्युत् घट वा अवरक्त किरण वापरतात. वायुकोशांतील हवा व रक्त यांतील अल्कोहॉलाचे गुणोत्तर १ : २,१०० धरण्याचा प्रघात आहे, तर ब्रिटिश मर्यादेमागे १ : २,३०० हे गुणोत्तर आहे. त्यामुळे एकाच श्वासातून पहिल्याने ७३·५, तर दुसऱ्याने ८०·५ मिग्रॅ. असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात हे गुणोत्तर व्यक्तीगणिक बदलते. शरीराचे तापमान एक अंशाने वाढल्यास वाचन ६ ते ९ टक्क्यांनी वाढते. नुकत्याच घेतलेल्या मद्याचा वा ढेकरेतून वर आलेल्या मद्याचा अंश तोंडात राहिल्यास ते फारच फसवे ठरते. म्हणून परीक्षेपूर्वी निदान १५ मिनिटे थांबणे आवश्यक असते.

रक्तपरीक्षा अधिक विश्वसनीय असली, तरी ती नमुन्याइतकीच शुद्ध असते. त्वचा स्पिरिटाने पुसणे येथे वर्ज्य आहे. सोडियम फ्ल्युओराइडासारखे परिरक्षक न घातल्यास व नमुना उबदार जागी राहिल्यास कँडिडासारख्या यीस्टमुळे ग्लुकोजाचे किण्वन होऊन कुपीतच अल्कोहॉल तयार होऊ शकते. सूक्ष्मजंतूंमुळे ते घटूही शकते. रुग्णालयात बहुधा रक्तरसाची तपासणी होते. त्यात पाणी जास्त असल्याने आकडा संपूर्ण रक्तापेक्षा सु. १५ टक्क्यांनी जास्त येतो. हे रूपांतर न करता रुग्णालयीन आकडा न्यायालयात मांडणे ही गंभीर चूक होय. प्रयोगशाळेत वायु-वर्णलेखन ही पद्धती सर्वमान्य आहे.

महाराष्ट्रात या बाबतीतील दक्षता जुनीच आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ खालील १९५९ च्या नियमांत पिचकारी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करणे, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसणे, किमान ५ घ. सेंमी. रक्त घेणे आणि कुपीत रक्त गोठू न देणारे द्रव्य व परिरक्षक घालून ती मोहोरबंद करणे ही पथ्ये घालून दिली आहेत. या अधिनियमाखाली रक्तात ०·०५ टक्के अल्कोहॉल आढळल्यास, घेतलेले द्रव्य औषधी वा तत्सम अनुज्ञेय पदार्थ होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. त्यामुळे नमुन्याच्या शुद्धतेचे महत्त्व अधिकच वाढते. तोंडाचा वास, लडखडती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यधुंदी सिद्ध होत नाही, असे महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटले. डोक्याला मार लागलेल्या वा रक्तशर्करा घटलेल्या मधुमेही चालकात यांपैकी काही लक्षणे मद्याच्या थेंबाविनाही दिसू शकतात. कलम १८५ चा भर प्रारंभी श्वासपरीक्षेवर होता; २०१९ च्या दुरुस्तीने त्यात प्रयोगशाळेतील व अन्य परीक्षांचाही अंतर्भाव झाला. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास अटक केलेल्या व्यक्तीस मुक्त करावे, अशी तरतूद कलम २०२ मध्ये आहे.