सोआवे : पांढऱ्या द्राक्षासवाची पारख

विहिरीचें पाणी गोड कीं मचूळ, हें पहिल्याच घोटास कळतें. पण तें गोड कां लागतें हें सांगावयास बसलें कीं शब्द सुचत नाहींत. इटलींतील सोआवे या पांढऱ्या द्राक्षासवाची गोष्ट कांहींशी अशीच आहे. त्याचा रंग फिका, गंध मंद आणि चव हलकी; त्यामुळें घाईनें पिणाऱ्यास त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. परंतु जो सावकाश पारख करील, त्यास त्यांतील गुण एकामागून एक उमगत जातात.

सोआवे हें मुळांत गांवाचें नांव. व्हेरोना शहराच्या पूर्वेस एका जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशीं तें वसलें आहे. तेथील टेकड्यांत कोठें चुनखडी, तर कोठें ज्वालामुखीच्या रसापासून झालेला काळा खडक आढळतो; सह्याद्रीचा पाषाणही त्याच जातीचा. या उतारांवर गार्गानेगा नांवाचीं द्राक्षें होतात, व कायद्यानें या आसवांत त्यांचें प्रमाण निदान ७० टक्के असावें लागतें. हीं द्राक्षें उशिरां पिकतात. तरीही त्यांतील आम्ल पुरतें नाहींसें होत नाहीं. आसवास तरतरी येते ती या आम्लामुळेंच.

पारख करावयाची ती डोळा, नाक आणि जीभ या क्रमानें. बाटली सुमारें १० अंश सेल्सिअसपर्यंत गार करावी. याहून फार गार केली तर गंध दबतो. कोमट राहिली तर आम्ल बोथट लागतें. निमुळत्या तोंडाचा कांचेचा पेला एक तृतीयांशच भरावा आणि पांढऱ्या कागदापुढें धरावा. रंग गवताच्या वाळल्या काडीसारखा, क्वचित् हिरवट झांक असलेला दिसावा. कोवळ्या आसवास तपकिरी छटा आली असेल, तर त्यास हवा बाधली असें समजावें. मग पेला हलकेंच फिरवून हुंगावा. पांढरीं फुलें, नासपती, बदाम यांची आठवण होते.

यानंतर लहानसा घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावा. तोंडास पाणी सुटलें, कीं ती आम्लाची साक्ष. मात्र हा आंबटपणा दांतांस झोंबणारा नसावा. शेवटीं बदामाच्या सालीसारखी किंचित् कडवट चव मागें रेंगाळते. ती दोष नव्हे. तीच या आसवाची ओळख. व्यवसायानें पारख करणारे घोट गिळीत नाहींत, थुंकून टाकतात. कारण नशा चढली कीं पारख संपली. जेवणांत हें आसव मासळीबरोबर शोभतें, कारण त्याचें आम्ल तेलाचा तवंग जिभेवरून धुऊन काढतें.

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. १९६८ सालीं या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें, तेव्हां टेकड्यांबरोबर सपाटीची विस्तीर्ण जमीनही त्याखालीं आली. तेथील माती सुपीक, आणि गार्गानेगाचा वेल मूळचाच जोमदार. घड भरमसाट लागले, पण रस पातळ झाला. ‘नांव मोठें, लक्षण खोटें’ अशा स्वस्त बाटल्या परदेशीं गेल्या व सोआवेची पत घसरली. त्याची झळ उतारावर कष्टानें मळा राखणाऱ्या शेतकऱ्यासही लागली, कारण नांव दोघांचें एकच. मूळच्या डोंगरी प्रदेशांतील बाटलीवर ‘क्लासिको’ हा शब्द असतो. २०१८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें तेथील पारंपरिक मळ्यांना कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

तथापि कायदा चिठ्ठीवरील शब्द राखूं शकतो, पेल्यांतील सत्त्व नव्हे. दोन बाटल्यांतील भेद ओळखून चांगलीस तिचें योग्य मोल देणारी माणसें जोंवर आहेत, तोंवरच त्या काळ्या खडकावरील वेली टिकतील.