इंग्रजीतील ‘सेल्फ’-रूपे आणि धातुसाधितांचा अध्याहृत कर्ता

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’ इत्यादी सर्वनामांचे अवधारणार्थक आणि आत्मवाचक असे दोन भेद सांगून विषय आटोपण्यात येतो. धातुसाधितांचे प्रकरण त्यानंतर पुष्कळ पाने सोडून येते. वस्तुतः या दोहोंचा संबंध निकटचा आहे. धातुसाधिताचा कर्ता वाक्यात बहुधा उच्चारलेला नसतो. तो कोण, याची साक्ष अनेकदा ‘सेल्फ’-रूपच देते.

प्रथम भेदाविषयी. ‘द जज हिमसेल्फ रोट द लेटर’ या वाक्यातील ‘हिमसेल्फ’ गाळले तरी वाक्य शाबूत राहते; ते वाक्याच्या शेवटीही नेता येते. हे अवधारण होय. ‘द जज ब्लेम्ड हिमसेल्फ’ यात मात्र ते कर्माच्या जागी आहे व गाळल्यास क्रियापद लटकते. ‘वुई एन्जॉइड’ एवढेच म्हणून थांबणारा आपल्याकडील विद्यार्थी नेमके हे कर्मच विसरतो. आणि ‘मायसेल्फ अमुक’ अशी ओळख करून देणारा ज्याकडे निर्देश करावयाचा ते पद वाक्यात न ठेवताच निर्देश करतो. इतिहासदृष्ट्या अवधारण हे आधीचे. प्राचीन इंग्रजीत ‘हिने’ हे साधे सर्वनाम ‘त्याला’ व ‘स्वतःला’ या दोन्ही अर्थी चाले, आणि ‘सेल्फ’ हा शब्द भर देण्यासाठी जोडला जाई. आत्मवाचक कार्य त्याच्याकडे कायमचे आले ते मागाहून.

आता पुढील दोन वाक्ये पाहावीत : ‘जॉन टोल्ड मेरी टु डिफेन्ड हरसेल्फ’ आणि ‘जॉन प्रॉमिस्ड मेरी टु डिफेन्ड हिमसेल्फ’. बाह्य रचना एकच. परंतु पहिल्यात बचाव करणारी मेरी, दुसऱ्यात जॉन. सर्वनामांची अदलाबदल केली तर दोन्ही वाक्ये अग्राह्य ठरतात, कारण आत्मवाचकाचा संबंधी त्याच्याच उपवाक्यात असावा लागतो आणि येथे तो ‘टु डिफेन्ड’चा अनुच्चारित कर्ता आहे. नोम चॉम्स्की यांनी 1981 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात या कर्त्याला ‘प्रो’ अशी संज्ञा आहे. ‘प्रॉमिस’ हे क्रियापद मात्र आडवळणाचे. कर्ता सामान्यतः जवळच्या नामावरून ठरतो. येथे तो दूरच्या नामावरून ठरतो. कॅरल चॉम्स्की यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा असलेली काही मुलेही येथे चुकलेली आढळतात.

अवधारणार्थक रूपही हीच साक्ष देते : ‘ही प्रॉमिस्ड हर टु रिपेअर द क्लॉक हिमसेल्फ’. ‘नोइंग वनसेल्फ इज डिफिकल्ट’ या वाक्यात कर्ता कोणीही मनुष्य, म्हणून ‘वनसेल्फ’. ‘हॅविंग हर्ट हिमसेल्फ, द मदर कन्सोल्ड द बॉय’ या वाक्याचा दोषही त्यामुळे तत्काळ उघड होतो : धातुसाधित ‘मदर’ला जाऊन चिकटते, आणि ‘हिमसेल्फ’ त्याला विरोध करते. सर्वनाम नसते तर हा दोष कदाचित खपूनही गेला असता.

मराठीत ही साक्ष इतकी स्पष्ट मिळत नाही. ‘स्वतः’ आणि ‘आपण’ यांना लिंगभेद नाही. शिवाय ‘आपला’ हे रूप धातुसाधिताची सीमा ओलांडून मुख्य कर्त्यापर्यंत पोचू शकते. ‘त्याने तिला आपली कागदपत्रे घेऊन यावयास सांगितले’ या वाक्यात कागदपत्रे त्याची की तिची, हे वाक्यावरून ठरत नाही. मराठी वाचकाला याची अडचण क्वचितच भासते, कारण प्रसंग त्याच्या मदतीला असतो. परंतु जबानीचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याला ‘हिज’ किंवा ‘हर’ यांपैकी एक लिहावेच लागते, आणि मूळ वाक्यात नसलेला निर्णय त्या एका शब्दाने जबानीत शिरतो.