लेण्याद्री : वास्तूचे रूपांतर आणि अभिलेखांची साक्ष

इजिप्तमधील फिले बेटावरील आयसिस देवीच्या मंदिराचा काही भाग इ. स. सहाव्या शतकात बिशप थिओडोर याने संत स्टीफनचे चर्च म्हणून उपयोगात आणला. क्रूसाचा विजय घोषित करणारे ग्रीक लेख तेथील भिंतींवर कोरले गेले. जुन्नरजवळील लेण्याद्री येथेही उपासना बदलली; तथापि तेथील पुरावा निराळ्या स्वरूपाचा आहे.

गिरिजात्मज गणेशाचे स्थान असलेले क्रमांक ७ चे लेणे मुळात बौद्ध विहार होय. सभामंडपाभोवती भिक्षूंच्या २० कोठड्या असून मागील भिंतीतील मधल्या दोन कोठड्यांच्या जागी गणेशाची स्थापना झाली. शेजारच्या क्रमांक ६ च्या चैत्यगृहात कल्याणच्या ‘हेरणिका’चा, म्हणजे सोनाराचा वा कोषाधिकाऱ्याचा, पुत्र सुलसदत्त याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. दात्याचे गाव, पिता व दान एवढेच तो नोंदवितो. पुढील स्थित्यंतराविषयी तो अर्थातच मौन आहे. या मौनातून कोणी आक्रमण वाचतात, कोणी समन्वय. दोन्ही निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतात. थिओडोरचे नाव फिलेच्या भिंतीवर वाचता येते. लेण्याद्रीतील बदलाचा अभ्यास मात्र कोठड्यांची रचना, छिन्नीच्या खुणा व गिलाव्याचे अवशेष यांवरूनच करावा लागतो.