एक काम पुरे, मगच दुसरे

धान घरात आले, चुरणे झाले, की आपण घराभोवतीच्या कामांची यादी करायला बसतो. शोषखड्डा खणायचा, खताचा टाका बांधायचा, सांदवाडीला कुंपण घालायचे, भाजीचे वाफे करायचे. चारही कामे एकदम सुरू होतात. खड्डा अर्धा खणला जातो, विटा येऊन पडतात. तोवर मोहफुले वेचायचे दिवस येतात, त्यामागे तेंदूपत्ता. जूनमध्ये पाऊस पडतो आणि अर्धा खड्डा पाण्याने भरतो. म्हणून आज आपण बोलू कामांच्या क्रमावर.

अर्धा खड्डा हा न खणलेल्या खड्ड्यापेक्षा वाईट. लहान लेकरू त्यात पडू शकते. शिवाय गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हत्तीपायाचा रोग जुना आहे. तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून ड्रम, जुने टायर, फुटकी मडकी यांकडेही आठवड्यातून एकदा बघायचे.

तर पहिले काम सांडपाण्याचे. जागा ठरवण्याआधी माती बघा. आपल्याकडे सिहार, मोरंड, कन्हार, बर्डी अशा मातीच्या जाती आहेत. बर्डीत पाणी लवकर मुरते, कन्हारात मुरत नाही. हातभर खड्डा करा, त्यात बादलीभर पाणी ओता. जिरले की पुन्हा ओता, आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले तर तिथे शोषखड्डा करू नका. ते पाणी नालीने केळी, अळू, पपईच्या आळ्यांकडे वळवा आणि रोज वेगळे आळे भरा, म्हणजे कुठेच साचणार नाही.

पाणी मुरत असेल तर साधारण तीन-चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा पुरतो. विहीर आणि बोअरिंगपासून तो तीस-पस्तीस फूट तरी दूर हवा, घराच्या पायव्यापासूनही लांब. पावसाळ्यात तुमच्या विहिरीचे पाणी किती वर येते ते आठवा. ते पाणी खड्ड्याच्या तळाजवळ येत असेल तर शोषखड्डा चालणार नाही. तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर गिट्टी. वर बोरी अंथरून माती टाका. पाणी आत जाण्याआधी एक लहान कुंडी ठेवा, तिच्या तोंडाला जाळी लावा. भाताची शिते, तेलकट गाळ तिथे अडतो. ती कुंडी दर आठवड्याला साफ केली नाही तर खड्डा लवकर बुजतो. संडासाचे पाणी यात कधीच सोडायचे नाही. हे काम फेब्रुवारीपर्यंत पुरे करा, कारण नंतर कन्हार माती सब्बलीलाही दाद देत नाही.

दुसरे काम खताचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते, घरी तणस असते, गोठ्यात शेण असते. हाच टाका भरायचा हंगाम. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जी पद्धत बसवली, तीच आपली नाडेप. विटांचा टाका बारा फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके. काडीकचऱ्याचा अर्ध्या फुटाचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती. असे थर देत टाका एक-दोन दिवसांतच भरून वरून लिंपायचा. ओल टिकवली तर तीन-चार महिन्यांत खत होते, म्हणजे पावसाळी भाजीच्या वेळेला हाताशी येते. एवढा मोठा टाका एका घराला जड वाटला तर दोन-तीन घरांनी मिळून भरावा.

तिसरे काम कुंपणाचे. शेळ्या आणि कोंबड्या मोकळ्या असतील तर वाफे करून उपयोग नाही. बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्या. तो दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर भुंगा कमी लागतो. ताट्या मे महिन्याच्या आत उभ्या करा. पहिल्या पावसात त्यांच्या कडेने गिरिपुष्पाच्या काड्या रोवा. दोन-तीन वर्षांत बांबू कुजेल, तेव्हा हे जिवंत कुंपण तयार असेल. उरलेला बांबू आणि जळाऊ लाकूड मात्र घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे साप-विंचू आसरा घेतात.

शेवटी वाफे. आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे सपाट वाफ्यात मुळे कुजतात. वाफा वीतभर उंच घ्या. तलावातला गाळ मिळाला तर तो मातीत मिसळा. रोवणीच्या दिवसांत आपल्याला अंगणात बघायला वेळ नसतो, म्हणून दोडका, काकडी, भेंडी, वाल ही बियाणी त्याआधीच लावून मोकळे व्हा.

हे सगळे एकटीने होत नाही. दहा जणींच्या गटाने दहा घरी दहा खड्डे एकदम सुरू करू नयेत. एका घरी सगळ्यांनी जावे, तिथला खड्डा दगडांनी भरून, वर माती टाकूनच उठावे, मग दुसऱ्या घरी जावे. पहिले घर जिथे लहान लेकरे आहेत किंवा जिथले सांडपाणी रस्त्यावर येते, ते धरा.

पैशांचे म्हणाल, तर शोषखड्डा आणि नाडेप ही कामे रोजगार हमीतून होत आली आहेत. सध्याचा नियम ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि कुदळ मारण्याआधीच विचारा. मंजुरीआधी केलेल्या कामाचे पैसे मागणे अवघड जाते.

येत्या बैठकीत आपल्या गटाच्या वहीत तीन रकाने पाडा : कोणाचे घर, कोणते काम, कोणत्या तारखेला पुरे झाले. तिसरा रकाना रिकामा असेल तोवर त्या घरी नवे काम लिहायचे नाही.