गर्भारपण, मधुमेह आणि डोळे

ग्रहणाच्या दिवशी आपल्याकडे गरोदर स्त्रीला डोळ्यांत तेल घालून जपतात. एरवी तिच्या डोळ्यांची चौकशी कोणी करीत नाही. जिला गर्भ राहण्यापूर्वीपासूनच मधुमेह आहे, तिच्या बाबतीत हे दुर्लक्ष महागात पडते.

डोळ्याच्या आत, पाठीमागे, एक पातळ पडदा असतो. त्यावर आपण पाहतो त्या वस्तूचे चित्र उमटते. रक्तात साखर वाढलेली राहिली म्हणजे या पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, काही बंद पडतात. मग नव्या पण ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा संभव असतो. गर्भारपणात हा विकार काही महिन्यांतच बळावू शकतो. तो दुखत नाही, खुपत नाही. सुईत दोरा ओवता येतो म्हणून पडदा निरोगी आहे असे समजणे, हीच खरी फसगत होय.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. फार वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली, तर पडद्याचा विकार काही काळ वाढतो. हे ऐकून कोणी इन्सुलिन बंद करू नये! 1922 साली ते प्रथम रोग्यास टोचले गेले. त्यापूर्वी अशा स्त्रीचे बाळंतपण म्हणजे दोन जिवांचा घोर असे. साखर ताब्यात हवीच, मात्र पडदा पाहत राहावे.

गर्भारपणातच प्रथम उद्भवणाऱ्या मधुमेहात डोळ्यांना हे भय सहसा नसते. परंतु पहिल्या महिन्यांतच साखर फार आढळली, तर तो जुनाच, न कळलेला मधुमेह असू शकतो.

तपासणी शक्यतो गर्भ राहण्यापूर्वी, नंतर पहिल्या तीन महिन्यांत व पुढे डॉक्टर सांगतील तशी करावी. थेंब घालून बाहुली मोठी करतात व पडदा पाहतात. जरूर पडल्यास लेसरचा उपचार गर्भारपणातही करता येतो. बाळंतपणानंतर विकार पुष्कळदा ओसरतो, तरी वर्षभर लक्ष ठेवावे लागते.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे जुन्या मधुमेहाची गोष्ट आपण होऊन सांगावी आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. बोरगावच्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, तेव्हा तपासणीचे कागद बहुधा काटोलला किंवा नागपूरला सासरीच राहतात. लेकीला आणायला जाणाऱ्या भावाने ते कागद आठवणीने मागून आणावेत.